मिशनचे विद्यापीठ : जाहिरातीआधी स्थापनेचा कागद पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बसस्थानकांबाहेर परराज्यांतल्या खासगी विद्यापीठांचे फलक लागतात आणि दैनिकांच्या प्रवेश पुरवण्यांत त्यांच्या पानभर जाहिराती येतात. त्यांत ख्रिस्ती संस्थांची विद्यापीठेही असतात. त्यांच्याविषयी खान्देशात दोन ठरलेली मते आहेत. ‘मिशननं शे, मंग चांगलंच ऱ्हाई’ हे एक, आणि ‘पोरगं तिथं गेलं की धर्म बदलूनच येईल’ हे दुसरे. चिंचपाड्याचे मिशन हॉस्पिटल किंवा गावातली कॉन्व्हेंट शाळा डोळ्यांपुढे ठेवून माणसे विद्यापीठाचा अंदाज बांधतात. ते विद्यापीठ कोणी काढले, कोणत्या कायद्याने काढले, पदवी देण्याचा अधिकार त्याला कोठून मिळाला, हे मात्र कोणी पाहत नाही. पदवी चालेल की नाही, वसतिगृहात काय शिस्त असेल, प्रार्थनेला बसावे लागेल की नाही, शुल्क परत मिळेल की नाही, हे बहुतांशी त्यावरच ठरते. म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो.

भारतात पदवी देण्याचा अधिकार मिळालेली पहिली ख्रिस्ती संस्था म्हणजे बंगालमधले सेरामपूर कॉलेज (आपल्या नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे, हे हुगळीच्या काठी, हावड्याच्या उत्तरेला). विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तीन बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी ते १८१८ मध्ये सुरू केले. सेरामपूरच का? ईस्ट इंडिया कंपनीला १८१३ पर्यंत आपल्या मुलखात मिशनरी नको होते आणि सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. पुढे डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने २३ फेब्रुवारी १८२७ रोजी कॉलेजला सनद दिली आणि पदव्या देण्याचा अधिकार दिला. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठे १८५७ ची, म्हणजे ही सनद त्यांच्या तीस वर्षे आधीची आहे. केरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवून मिळणारा पगार मिशनच्या कामात घालत. मराठीचे व्याकरण (१८०५) आणि मोडी लिपीतला मराठी–इंग्रजी कोश (१८१०) हेही त्यांचेच काम.

पहिल्या तुकडीत ३७ विद्यार्थी होते आणि सगळेच ख्रिस्ती नव्हते. १८३३ च्या नियमांत जात, वर्ण किंवा देश यांवरून कोणाला प्रवेश नाकारू नये असे लिहिले गेले. मात्र प्राध्यापकांना आणि संचालक मंडळाला ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीचे मूळ सिद्धांत मान्य असले पाहिजेत, अशीही अट होती. विद्यार्थ्यासाठी दार उघडे आणि शिकवणाऱ्यासाठी श्रद्धेची अट, ही रचना पुढच्या दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा दिसते. आजही एखाद्या ख्रिस्ती विद्यापीठाचा स्वभाव ओळखायचा असेल तर विद्यार्थ्यांची यादी पाहून फारसे कळत नाही. कुलगुरूपदासाठी आणि नियामक मंडळासाठी काय पात्रता लिहिली आहे, ते पाहावे.

सनद मिळाली, पण तिचा वापर फारच उशिरा झाला. वॉर्ड १८२३ मध्ये, केरी १८३४ मध्ये आणि मार्शमन १८३७ मध्ये गेले. संस्थापक गेल्यावर पैशाची ओढाताण सुरू झाली. १८४५ मध्ये डेन्मार्कने त्रांकेबार आणि सेरामपूर ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना कंपनीला विकली, तेव्हा कॉलेजचे सनदेतले अधिकार कायम राहतील असे करारातच नमूद केले गेले. ते कलम नसते तर सनद रद्दीत गेली असती. नंतर कला शाखेसाठी कॉलेजने कलकत्ता विद्यापीठाची संलग्नता घेतली. स्वतःच्या सनदेखालची धर्मशास्त्राची पहिली पदवी प्रत्यक्षात दिली गेली ती १९१५ मध्ये, सनदेनंतर ८८ वर्षांनी. १९१८ मध्ये बंगाल विधिमंडळाने सेरामपूर कॉलेज कायदा केला, पदव्यांचा कारभार पाहणारी सेनेट नेमली, आणि आज देशभरातली अनेक सेमिनरी (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्था) त्या सेनेटला जोडलेली आहेत. यवतमाळला सुरू होऊन १९८३ मध्ये पुण्याला गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांतलीच. म्हणजे एकाच आवारात दोन अधिकार नांदतात. बी.ए., बी.एस्सी. सरकारी विद्यापीठाची आणि धर्मशास्त्राची पदवी स्वतःच्या सनदेची. हे ठाऊक नसले की ‘सेरामपूरची पदवी’ या दोन शब्दांतून माणसे काहीही अर्थ काढतात.

मग शंभर-दीडशे वर्षे देशात दुसरे ख्रिस्ती विद्यापीठ का झाले नाही? १८५४ च्या वुड खलित्याने (कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाने) अनुदानाचा रस्ता उघडला आणि १८५७ ची विद्यापीठे केवळ परीक्षा घेणारी व संलग्नता देणारी होती. मिशनच्या कॉलेजांना विद्यापीठ होण्याची गरजच उरली नाही. अनुदान सरकारचे, परीक्षा विद्यापीठाची, शिकवणे आपले. मुंबईचे विल्सन कॉलेज (मूळ शाळा १८३२ ची), सेंट झेवियर्स (१८६९), दिल्लीचे सेंट स्टीफन्स (१८८१) या सगळ्यांनी हाच मार्ग धरला. जॉन विल्सन स्वतः मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण त्यांचे कॉलेज कॉलेजच राहिले. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये काढलेले अहमदनगर कॉलेजही संलग्नच. अमळनेरच्या प्रताप कॉलेजने आधी मुंबई, मग पुणे आणि १९९० नंतर जळगावचे विद्यापीठ पाहिले. कॉलेज तेच, पदवीवरचे नाव बदलत गेले. मिशनच्या कॉलेजांचेही असेच आहे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज एवढे नावाजलेले, तरी ते विद्यापीठ नाही, त्याची एम.बी.बी.एस. तामिळनाडूच्या डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठाची आहे. आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये एका खाटेवर सुरू केलेल्या त्या कामाचे मोठेपण त्याने रतिमात्र कमी होत नाही. उत्तम संस्था आणि विद्यापीठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच.

खान्देशच्या शेतकऱ्याला जवळची वाटावी अशी संस्था म्हणजे अलाहाबादजवळच्या नैनीची. भुसावळहून इटारसी–जबलपूरमार्गे जाणाऱ्या कित्येक गाड्या नैनीलगतच्या छिवकी स्थानकावर थांबतात. सॅम हिगिनबॉटम १९०३ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आले आणि अलाहाबादच्या मिशन कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले. पोरांना घेऊन खेड्यांत फिरल्यावर दारिद्र्याचे मूळ शेतीत आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. शेतीतले त्यांना स्वतःला काही येत नव्हते. म्हणून रजा काढून ते अमेरिकेत ओहायोला कृषीचे शिक्षण घ्यायला गेले, तिथेच तीस हजार डॉलर गोळा केले आणि परत येऊन यमुनेच्या दक्षिण काठावर २७५ एकर जमीन घेतली. संस्थेचे स्थापनावर्ष १९१० धरतात. जमीन कशी होती? घळी पडलेली, कांस माजलेली, पावसाळ्यात माती वाहून नेणारी. तिला बांध घालणे हाच पहिला धडा होता.

१९२१ मध्ये मेसन वॉ हे अभियंते आले आणि तिथे अवजारांचे काम सुरू झाले. देशी लाकडी नांगर माती फाडतो, उलटवत नाही. तासाची घडण इंग्रजी व्ही अक्षरासारखी होते आणि दोन तासांमध्ये न नांगरलेली पट्टी तशीच राहते. त्यामुळे आडवे-उभे पुन्हा नांगरावे लागते, आणि कांस किंवा हरळीची मुळे खाली जिवंत राहतात. माती पलटणारा लोखंडी नांगर हे काम एका फेरीत करतो. पण विलायती लोखंडी नांगर जड. त्याला दोन-चार बैलजोड्या लागायच्या, आणि लहान शेतकऱ्याकडे असते एक जोडी, तीही उन्हाळ्यानंतर हाडे निघालेली. नैनीला एका साध्या जोडीला ओढता येईल, फाळ झिजला तर बदलता येईल असा हलका पलटी नांगर बनला. ‘वाह-वाह’ आणि ‘शाबाश’ अशी त्यांची नावे. याच काळात आपल्याकडे किर्लोस्करांचा लोखंडी नांगर घरोघर पोहोचत होता; तो उद्योगातून आला, हा मिशनच्या शेतातून. काळ्या भारी जमिनीत पलटी नांगर ओल्यात घातला की माती पाटीला चिकटते आणि ओढ दुप्पट होते, हे तापीकाठच्या शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून गंगा-यमुनेच्या गाळाच्या जमिनीतले अवजार इथे जसेच्या तसे चालत नाही.

१९४२ मध्ये नैनीला कृषी अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, देशातला पहिला. २००० मध्ये संस्थेला अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचा दर्जा, म्हणजे केंद्राच्या अधिसूचनेने स्वतःची पदवी देण्याचा अधिकार, मिळाला, २००९ मध्ये हिगिनबॉटम यांचे नाव लागले आणि २०१६ मध्ये उत्तर प्रदेश विधिमंडळाच्या कायद्याने ती राज्य विद्यापीठ झाली. म्हणजे एकाच संस्थेने शंभर वर्षांत संलग्न कॉलेज, अभिमत विद्यापीठ आणि कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ अशी तीन रूपे घेतली. १९९८ ची, २००५ ची आणि २०१८ ची पदवी हातात घेतली तर तीन वेगळे मथळे दिसतील. नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत नेमके इथेच घोडे अडते. संस्थेचे नाव बदलल्याचे राजपत्र किंवा विद्यापीठाचे पत्र सोबत ठेवावे. धर्मांतराच्या आरोपांवरून या विद्यापीठाच्या लोकांवर गुन्हे नोंदले गेले होते, त्यांतले अनेक एफआयआर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द केले, हेही वाचकांना ठाऊक असावे; गुन्हा दाखल झाल्याची बातमी मोठी छापली जाते आणि तो रद्द झाल्याची आतल्या पानावर जाते.

विद्यापीठांची खरी लाट २००० नंतरची. बंगळुरूचे ख्राइस्ट हे सी.एम.आय. या केरळच्या कॅथलिक धर्मसंघाने १९६९ मध्ये कॉलेज म्हणून काढले, २००८ मध्ये ते अभिमत झाले, आणि त्याचा एक कॅम्पस पुण्याजवळ लवासाला आहे. जळगाव-भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेस थेट बंगळुरूला जात असल्याने आपल्याकडची मुले तिथे बऱ्यापैकी जातात. कोइम्बतूरचे कारुण्य १९८६ मध्ये अभियांत्रिकी कॉलेज म्हणून सुरू झाले आणि २००४ मध्ये अभिमत झाले. मेघालयात मार्टिन ल्यूथर ख्रिश्चन विद्यापीठ (२००५), आसामात डॉन बॉस्को (२००८), ओडिशात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे झेवियर (२०१३) आणि कोलकात्याचे सेंट झेवियर्स विद्यापीठ (कायदा २०१६) ही राज्य विधिमंडळांच्या कायद्यांनी झाली. छत्तीसगडने २००२ मध्ये सैल कायदा करून शंभरावर विद्यापीठे कागदावर उभी केली होती, प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती मोडीत काढली. त्यानंतर प्रत्येक खासगी विद्यापीठाला स्वतःचा स्वतंत्र कायदा लागतो आणि त्याने आपल्या राज्यातच राहावे लागते.

स्वभावाविषयी. ‘ख्रिस्ती’ या एका पाटीखाली फार निरनिराळी घरे आहेत. पुण्यात औंधला असलेले स्पायसर हे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे. १९१५ मध्ये कोइम्बतूरला सुरू झाले, १९४२ मध्ये पुण्याला आले. तिथला आठवडा शुक्रवारच्या सूर्यास्ताला थांबतो आणि शनिवारच्या सूर्यास्तानंतर पुन्हा सुरू होतो, कारण त्यांचा शब्बाथ शनिवारी. वर्ग नाहीत, परीक्षा नाहीत. मेस शाकाहारी. दारू-सिगारेट पूर्ण बंद. शिकता-शिकता आवारात काम करून शुल्काचा काही भाग भरण्याची जुनी पद्धत. जेझुइट किंवा सी.एम.आय. संस्थेत शनिवार हा साधा कामाचा दिवस, रविवारी मिस्सा, आणि ती हिंदू-मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी सक्तीची नसते. त्याऐवजी सगळ्यांसाठी मूल्यशिक्षणाचा तास असतो. पेंटेकोस्टल वळणाच्या संस्थेत प्रार्थनासभा जास्त आणि जोरात. नंदुरबारचा मांसाहारी मुलगा शाकाहारी मेसमध्ये चार वर्षे काढू शकेल का, शनिवारी नोकरीची परीक्षा असली तर काय, हे प्रश्न प्रवेशाआधी विचारायचे असतात. पुढे वाद होतो तो धर्मावरून कमी आणि वसतिगृहाच्या वेळांवरून, हजेरीवरून आणि पेहरावाच्या नियमांवरून जास्त.

धर्मांतराच्या भीतीबद्दल राज्यघटना काय म्हणते ते स्पष्ट आहे. अनुच्छेद २८(३) नुसार सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणालाही स्वतःच्या, आणि विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. बारावी झालेली बरीच मुले सतरा वर्षांची असतात, म्हणजे संमती पालकाची लागते. प्रवेश अर्जाच्या शेवटी ‘संस्थेच्या सर्व नियमांना व कार्यक्रमांना मी बांधील राहीन’ अशी एक ओळ असते. सही करण्याआधी त्या कार्यक्रमांत काय येते हे लेखी विचारावे. चॅपलची हजेरी अंतर्गत गुणांत धरतात का, हा नेमका प्रश्न. उत्तर तोंडी घेऊ नये, ई-मेलवर मागवावे.

दुसरा अनुच्छेद ३०(१). अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे. पण विद्यापीठ तर कायद्याने जन्मते. मग ते अल्पसंख्याकांनी ‘स्थापन’ केले असे म्हणायचे का? १९६७ च्या अझीझ बाशा निकालाने अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या बाबतीत नाही असे सांगितले होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी तो निकाल बाजूला सारला. संस्थेची कल्पना कोणाची, पैसा-जमीन कोणाची, कारभाराची रचना काय सांगते, हे पाहायचे. निव्वळ कायद्याने स्थापना झाली म्हणून अल्पसंख्याक दर्जा जात नाही, असे त्याचे सार. ख्रिस्ती विद्यापीठांनाही हीच कसोटी लागेल.

याचा आपल्या मुलांशी संबंध असा : खासगी संस्थांतही राखीव जागा ठेवायला लावता येतील असे सांगणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद १५(५) मधून अल्पसंख्याक संस्था वगळल्या आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या भिल्ल किंवा पावरा मुलाला तिथे अनुसूचित जमातीची जागा असेलच असे गृहीत धरू नये. संस्थेने स्वतःहून जागा ठेवल्या असतील तर त्या माहितीपत्रकात लिहिलेल्या असतात, नसतील तर नाहीत. ख्रिस्ती मुलांसाठी वेगळा कोटा असतो; त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला आणि धर्मगुरूचे पत्र मागतात, शिवाय काही ठिकाणी आपल्याच पंथाची अट असते. नवापूरच्या मुलाचा दाखला वेगळ्या पंथाचा निघाला की कोटा हुकतो. वैद्यकीय प्रवेशाला मात्र ‘नीट’ ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा चुकत नाही. वेल्लोरच्याच प्रकरणात २९ एप्रिल २०२० रोजी तसा निकाल झाला आहे.

आता कागद. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संकेतस्थळावर राज्य खासगी विद्यापीठांची आणि अभिमत विद्यापीठांची वेगवेगळी यादी आहे. नाव त्यांत शोधावे, आणि जाहिरातीतल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. खासगी विद्यापीठ असेल तर त्याच्या कायद्याचे नाव आणि वर्ष विचारावे. यूजीसी कायद्याच्या कलम २(फ) खाली नोंद आहे का ते पाहावे. १२(ब) ही नोंद केंद्राच्या अनुदानासाठी असते, ती नसली म्हणून पदवी बाद होत नाही. एजंट मात्र उलट-सुलट सांगून पालकांना घाबरवतात. पदवी देण्याचा अधिकार कलम २२ मधला आहे आणि तो कायद्याने स्थापलेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. मग अभ्यासक्रमाची परिषद : नर्सिंगला नर्सिंग परिषद, बी.एड.ला एनसीटीई (शिक्षक-शिक्षण परिषद), विधीला बार कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल. विद्यापीठ खरे असूनही त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाची परवानगी नसते, असे होते, आणि चार वर्षांनी नोंदणीच्या खिडकीवर ते उघडकीस येते. कृषी पदवीला आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) अधिस्वीकृती आहे का हेही बघावे.

मेघालय किंवा उत्तर प्रदेशच्या खासगी विद्यापीठाचे ‘स्टडी सेंटर’ जळगावच्या एखाद्या कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर असेल तर तिथूनच परत फिरावे. राज्य खासगी विद्यापीठाला राज्याबाहेर केंद्र उघडता येत नाही. दूरशिक्षण किंवा ऑनलाइन असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या (डीईबी) यादीत त्या वर्षासाठी, त्या अभ्यासक्रमासह नाव हवे, आणि विद्यार्थ्याचा डीईबी आयडी निघायला हवा. नर्सिंग, फार्मसी, अभियांत्रिकी, विधी, शेती हे विषय दूरशिक्षणाने देता येतच नाहीत.

बनावटांनी ख्रिस्ती नावांचाही फायदा घेतलेला आहे. यूजीसीच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत केरळचे ‘सेंट जॉन्स युनिव्हर्सिटी, किशनट्टम’, गुंटूरचे ‘ख्राइस्ट न्यू टेस्टामेंट डीम्ड युनिव्हर्सिटी’ आणि विशाखापट्टणमचे ‘बायबल ओपन युनिव्हर्सिटी ऑफ इंडिया’ ही नावे आहेत. त्याच यादीत नागपूरचे ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’ही आहे, तेव्हा हा एका धर्माचा प्रश्न नाही. खऱ्या अभिमत विद्यापीठाकडे केंद्र सरकारची अधिसूचना असते. तिचा क्रमांक आणि तारीख मागितली की बनावट माणूस विषय बदलतो.

धर्मशास्त्राकडे जाणाऱ्या मुलांसाठी थोडे. नवापूर, साक्री, नंदुरबार भागातून दरवर्षी काही मुले-मुली बायबल कॉलेजांत जातात. तिथल्या बी.टीएच. (धर्मशास्त्राच्या) पदव्यांना पुष्कळदा एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असते. ती चर्चमधल्या सेवेसाठी महत्त्वाची आहे, पण ती सरकारी मान्यता नव्हे. अशा पदवीवर स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरला की तो छाननीत बाद होतो. सेरामपूर सेनेटची पदवी वेगळ्या पायावर उभी आहे; तरी पुढे ज्या विद्यापीठात एम.ए. किंवा बी.एड. करायचे त्याच्याकडून समकक्षतेचे पत्र आधी घ्यावे. धर्मसेवेलाच जायचे असेल तर प्रश्न नाही. दोन्ही दारे उघडी हवी असतील तर सोबतीने एखादी विद्यापीठीय पदवी करावी, मुक्त विद्यापीठाची का असेना.

शिष्यवृत्तीत सगळ्यात जास्त फसगत होते. परराज्यात शिकणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज स्वतःच्या राज्यातच करावा लागतो. आपल्या राज्याच्या इतर बऱ्याच शुल्कसवलती खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू होत नाहीत. ‘फी सरकार भरेल’ हे एजंटचे वाक्य ऐकून पहिला हप्ता भरू नये. नंदुरबार-तळोद्याच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात संस्थेचे नाव दाखवून लेखी विचारावे. व्यवस्थापन कोट्यातली जागा असेल तर आणखी जपून. महाराष्ट्राचे शुल्क नियामक प्राधिकरण परराज्यातल्या शुल्काला हात लावू शकत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रवेश रद्द करायचा झाला तर यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेतला हिशेब असा आहे : प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी कळवले तर संपूर्ण शुल्क परत (प्रक्रिया खर्च म्हणून पाच टक्के, पण ५,००० रुपयांपेक्षा जास्त नाही), तारीख १५ दिवसांच्या आत आली असेल तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर शून्य. अनामत पूर्ण परत. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला संस्थेने पडताळून लगेच परत द्यायचा असतो, अडवून ठेवायचा नसतो. बहुतेक भांडणे याच मुद्द्यावर होतात, आणि धर्माशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. शेवटच्या तारखा दरवर्षीच्या परिपत्रकात बदलतात, ते पाहावे. दाद यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर मागता येते.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. विद्यापीठाची जाहिरात घेताना तीन गोष्टी जाहिरातीतच छापण्याची अट घालावी : स्थापनेच्या कायद्याचे किंवा केंद्राच्या अधिसूचनेचे नाव व वर्ष, वर्ग प्रत्यक्ष जिथे भरतात त्या आवाराचा पूर्ण पत्ता, आणि त्या अभ्यासक्रमाच्या परिषदेची चालू वर्षाची मान्यता. जागा दोन ओळींची लागेल. ख्रिस्ती असो, जैन असो, उद्योगसमूहाचे असो, अट सगळ्यांना एकच असावी.

आपले,
प्रवेश मार्गदर्शनाचे काम करणारे काही निवृत्त प्राध्यापक,
नंदुरबार व धुळे